तार नाही हो, बागेचं काम आहे

बर्वे तारमास्तर आळीत शिरले की बायका दारं लोटून घेत. माणूस काही वाईट नव्हता. उंच, किडकिडीत, जरा पोक काढून चालणारा. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, हातात बारा महिने छत्री. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या काळी आमच्या रत्नागिरीत तार म्हणजे मरण. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला गिरणीत, छापखान्यात, गोदीत, नाहीतर बोटीवर. त्यांची खुशाली पोस्टकार्डानं यायची, आजारपणही कार्डानंच यायचं. तारेनं यायचं ते एकच.

तार असायची इंग्रजीत. शिपाई ती दारात द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि पुढं जायचा. मग घरचं माणूस तो कागद हातात घेऊन वाचून देणारा शोधत गावभर पळायचं. मास्तरांनी एकदा एका बाईला अशी भर उन्हात अनवाणी धावताना पाहिलं. तेव्हापासून मरणाची तार शिपायाच्या हाती द्यायची नाही, आपण स्वतः जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. ते दारात उभे राहून आधी घरातलं वडीलधारं माणूस कोण ते विचारत. ते आल्याशिवाय कागद उघडत नसत. मग सावकाश मराठीत सांगत, आणि शेजारपाजारचं कुणीतरी येऊन बसेपर्यंत ओटीवर थांबत. पाणीसुद्धा घेत नसत.

हे मला ऐकून माहीत नाही. आमच्या ओटीवरही ते बसले होते. माझे यजमान मुंबईला होते. मी तेव्हा विशीतही नव्हते. त्या दिवसातलं मला फारसं काही आठवत नाही. मामंजी बाहेरून येईपर्यंत एक अनोळखी माणूस छत्री मांडीवर आडवी धरून खाली बघत बसला होता, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

पुढं मी पुण्याला ट्रेनिंग घेतलं आणि रत्नागिरीलाच मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. मास्तर मला रस्त्यात दिसत. दिसले की पलीकडच्या बाजूला जात. आधी मला वाटलं, आपण विधवा म्हणून असेल. मग लक्षात आलं की ते निम्म्या गावाशी असंच वागतात. ज्या ज्या घरी ते एकदा गेले होते त्या घरच्या माणसाला पुन्हा आपलं तोंड दिसू नये, म्हणून ते वाट बदलत. होता होता त्यांना चालायला रस्ताच उरला नव्हता.

म्हणून ते संध्याकाळी बागेत जायला लागले. गावातून वर चढणाऱ्या मोटाररस्त्याच्या कडेला, सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळाच्या, उतारावर ही बाग होती. एका मोठ्या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं ती गावासाठी केली होती. तो होता तोवर माळी होता, दगडी हौद भरलेला असे, बकुळीखाली बाकं होती. तो गेला, मुलं मुंबईला स्थायिक झाली, माळी काढून टाकला. घाणेरीनं सगळी बाग व्यापली. गुरं आत बसायला लागली. विहिरीवरचा रहाट कुजला.

पेन्शन झाल्यावर मास्तरांनी ती बाग साफ करायला घेतली. पुढं मी त्यांना एकदा विचारलं, "मास्तर, तुम्हाला झाडांची पहिल्यापासून आवड होती का?"

"नाही," ते म्हणाले. "तिथं कुणी भेटत नसे, म्हणून जात होतो."

"मग सगळ्या गावाला का बोलावलंत?"

"एकट्यानं घाणेरी निघत नाही."

त्यांचं बोलणं असं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोजून पाठवल्यामुळं असेल, स्वतःचे फार वापरवत नसत.

माणसं गोळा करायला ते पहिल्यांदा निघाले तो दिवस गावात पुष्कळ वर्षं सांगितला गेला. खालच्या आळीत सोनूच्या आईचं घर. सोनू बोटीवर खलाशी. म्हातारी पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मास्तर दारात उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "घरात वडील माणूस कोण आहे?"

म्हातारीच्या हातून सूप सुटलं. तिनं कपाळावर हात मारून घ्यायला सुरुवात केली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या बायका धावल्या, त्यांनीही गळा काढला. मास्तर "तार नाही, तार नाही" म्हणत होते, पण ते कुणाला ऐकू जाईना. शेवटी त्यांनी कोटाचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले आणि तसेच उभे राहिले. एका खिशातून तपकिरीची डबी तेवढी खाली पडली.

रडणं थांबायला वेळ लागला. मग सोनूच्या आईनं डोळे पुसले आणि विचारलं, "मेल्या, मंग आलास कशाक?"

"बागेतली घाणेरी तोडायची आहे. माणसं हवीत."

म्हातारीनं सूप सरळ केलं. "माजा पोर सुखरूप हाय ना?"

"माझ्याकडं काही बातमी नाही. म्हणजे सुखरूपच असेल."

"मंग येतंय मी."

रविवारी सकाळी ती कोयती घेऊन आली. बागेत आलेलं ते पहिलं माणूस. आणि त्या दिवसापासून मास्तर कुठल्याही आळीत शिरले की लांबूनच हाक देत, "तार नाही हो, बागेचं काम आहे." पोरं त्यांच्या नकला करत. पण दारं मात्र उघडी राहायला लागली.

हळूहळू रविवारची मंडळी जमली, मीही जाऊ लागले. राजिवड्याचे दाऊदभाई आले. ते मोठ्या बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, आता घरी बसलेले. त्यांनी रहाटाची लाकडं बदलली, नवा दोर ओवला. त्यांचा थोरला मुलगा परदेशच्या बंदरात वारला होता आणि ती तार मास्तरांनीच त्यांच्या घरी नेली होती, हे गावाला ठाऊक होतं. त्यावर ते दोघं कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. दोराच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, असे पाणी ओढत राहायचे.

तात्यासाहेब वकील आले. बाग ज्यांच्या मालकीची त्या शेठ मंडळींची इथली कामं तेच बघत. गोरे, ठेंगणे, हौशी गृहस्थ. त्यांनी कुठून कुठून गुलाबाच्या फांद्या मागवल्या, धोतर खोचून मातीच्या टोपल्या वाहिल्या, आणि दर रविवारी काम संपल्यावर थोडंसं भाषण केलं. त्यांच्यामागून कारकून आले, दोघे-तिघे दुकानदार आले, त्यांच्या बायका आल्या. एका वर्षी तर बसायला बाकं पुरेनात.

पण काम मोठं जिवावरचं होतं. आमचा सडा म्हणजे सगळा जांभा दगड. पहारीनं खड्डा करायचा, खालच्या शेतातून माती वाहून आणायची, शेणखत घालायचं, रोप लावायचं. पावसात ते तरारायचं. मग माघ-फाल्गुनात समुद्राकडून खारा वारा सुटला की पानं करपायची. त्यातून जगलं तर एखादी शेळी यायची. विहीर वैशाखात तळाला जायची. दर वर्षी लावलेल्यातलं थोडं जगे, पुष्कळसं मरे. रस्त्यात कुणी विचारलं, "काय मास्तर, यंदा किती जगली?" तर ते म्हणत, "काही." आणि "आता काय?" म्हटलं तर, "पुन्हा." या दोन शब्दांवर त्यांनी कितीतरी उन्हाळे काढले. त्यांच्या पत्नी यमुनाकाकू म्हणायच्या, "नोकरीत होते तेव्हा मेलेल्या माणसांपायी जेवण थंड व्हायचं. आता मेलेल्या झाडांपायी होतं. मला काय, मी वाढायला बसलेच आहे."

बागेत फुलं आली तशी पूजेसाठी परडी घेऊन येणारे भाविकही आले. पहाटेच येत आणि कळ्यासुद्धा ठेवत नसत. तात्यासाहेब म्हणाले, पाटी लावू. मास्तरांनी पाटी लावली नाही. त्यांनी कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला जास्वंद आणि तगरीची रांग लावली आणि येणाऱ्याला सांगत, "देवाची फुलं बाहेर आहेत. आतली मुलींची." लोक कुरकुरले, पण बाहेरचीच फुलं नेऊ लागले.

मुलींची, म्हणजे माझ्या वर्गातल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांना बागेत न्यायची. ही कल्पना मास्तरांची. आमच्या हेडबाईंना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण परवानगी मिळाली.

ते शिकवायचे म्हणजे काय करायचे, ते सांगणं कठीण आहे. नावं फारशी सांगत नसत. मुलींना एका झाडासमोर बसवायचे आणि गप्प बसा म्हणायचे. बऱ्याच वेळानं विचारायचे, "काय दिसलं? दहा शब्दांत सांगा. तारेत पाल्हाळ चालत नाही." पहिल्यांदा मुली "झाड हिरवं आहे" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मास्तर म्हणायचे, "हे घरी बसूनही सांगता आलं असतं." मग त्या नीट बघायला लागल्या. मुंग्या कुठून चढतात, तांबट पक्षी कुठल्या फांदीवर ढोली कोरतोय, बकुळीचं फूल पडताना गोल फिरत कसं पडतं. मुली ते बोटांवर मोजून सांगायच्या. एखादा शब्द जास्त झाला की त्यातला कुठला काढायचा यावरून भांडायच्या.

आणि ते प्रत्येकीला पुऱ्या नावानं हाक मारत, मुलीचं, बापाचं आणि आडनावासकट. "पत्ता अपुरा असला की पोचत नाही," म्हणत. घरी जिला "ए बाये" यापलीकडं कुणी हाक मारत नव्हतं अशी मुलगी आपलं पुरं नाव ऐकून ताठ बसायची.

त्यात चंद्रभागा सोनबा जाधव होती. महारवाड्यातली. तिच्याबरोबर तिथल्याच आणखी दोघी. शाळेत या तिघी व्हरांड्यात बसत, खिडकीतून ऐकत. तिसाव्या सालाच्या आसपासची ही गोष्ट. मुलांना एकत्र बसवावं की नाही, देवळं उघडावी की नाही, यावर आमच्या गावात तेव्हा सभा होत, वाद होत. बागेत व्हरांडाच नव्हता. मास्तर म्हणाले, गोल करून बसा. गोलात पुढं-मागं काही नसतं. चंद्रभागा बसली.

तिला फार दिसायचं. एकदा पानगळ झालेल्या पांगाऱ्यासमोर बसवलं होतं. तिनं सांगितलं, "पानगळ झाली, पण शेंड्याला लाल कोंब. मुंग्या वर चढतात. कशाला?" मास्तरांनी बोटांवर शब्द मोजले आणि मान हलवली. "कशाला हा शब्द चांगला आहे," ते म्हणाले. "तो काढू नकोस कधी."

बागेचा वरचा भाग म्हणजे नुसता उघडा सडा. तिथं आम्ही झाड लावायचा प्रयत्नच कधी केला नाही, मास्तरच लावू देत नसत. त्याचं कारण भाद्रपदात कळायचं. पावसाचा जोर ओसरला की त्या काळ्या खडकावर, बोटभर मातीत, निळी-जांभळी सीतेची आसवं फुलायची. सगळा खडक फुलांनी झाकून जायचा. मग तेरडा, मग पिवळी कसलीशी बारीक फुलं. मास्तर मुलींना गुडघ्यांवर बसवून, वाकून बघायला लावत. स्वतःही बसत आणि मग त्यांना उठता यायचं नाही. दाऊदभाई काखेत हात घालून उठवायचे.

"मास्तर, ह्या दगडात आपण काय पेरला न्हवता," दाऊदभाई म्हणायचे.

"म्हणूनच," मास्तर म्हणायचे.

अशाच एका शनिवारी पाठ संपल्यावर मुली हौदावर पाणी प्यायला गेल्या. सगळ्याच ओंजळीनं प्यायल्या. चंद्रभागाही प्यायली. ती कितीतरी शनिवार पीत होती, पण त्या दिवशी परडी घेऊन आलेल्या कुणीतरी ते पाहिलं.

पुढच्या शनिवारी निम्म्या मुली आल्या नाहीत. रविवारी कारकून मंडळींना घरी कामं निघाली. त्यानंतरच्या रविवारी दुकानदार आले नाहीत. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी आळीत हाक दिली तर दार उघडायचं, हसून "बघतो हां मास्तर" म्हणायचं, आणि संपलं. शेवटी सोनूच्या आईनंही येणं बंद केलं. मी वाटेत तिला गाठलं.

"मला काय गो," ती म्हणाली. "मी त्या पोरीचे केसपण विंचरीन. पण मी बागेतून आलंय म्हटल्यावर सून मला चुलीकडं जाऊ देत नाय. या वयात मी कुठं जाऊ, सांग."

मी स्वतः नोकरी सांभाळून होते. आमच्या हेडबाईंनी मला परवानगी आहे-नाही असं काहीच सांगितलं नाही, आणि मीही विचारायला गेले नाही. उरलेल्या मुलींना घेऊन जात राहिले.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी मास्तर, दाऊदभाई आणि मी, एवढेच होतो. तात्यासाहेब वकील आले. कितीतरी दिवसांनी आले होते. बकुळीखालच्या बाकावर टेकले, घाम पुसला.

"मास्तर, मुंबईहून शेठ यायचे आहेत," ते म्हणाले. "वरचा सडा चिऱ्याच्या खाणीला द्यायचं त्यांच्या मनात आहे. दगड चांगला आहे म्हणतात."

दाऊदभाईंनी दोर सोडला आणि जवळ येऊन उभे राहिले.

"ते माझं ऐकतात," तात्यासाहेब म्हणाले. "मी सांगितलं की ही सगळ्या गावाची बाग आहे, गाव इथं राबतं, तर ते हात लावणार नाहीत. पण ते येतील तेव्हा इथं गाव दिसायला हवं. आणि गाव परत कशानं येईल ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला नीट सांगा," मास्तर म्हणाले. "मी काय करायचं?"

"काही नाही. त्या तीन पोरींना सांगायचं, काही दिवस येऊ नका. पुढं निवळलं की बघू."

"कुणी सांगायचं?"

"तुम्ही. तुमचं त्या ऐकतील."

"त्यांच्या दारात जाऊन?"

तात्यासाहेबांनी नजर खाली घातली. "माझं स्वतःचं म्हणाल तर माझी काही हरकत नाही, मास्तर. पण मला याच गावात राहायचंय, मुलींची लग्नं करायची आहेत."

मास्तरांनी छत्रीच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली. मग त्यांनी जे बोलून दाखवलं, तेवढं लांबलचक मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"तात्यासाहेब, लोकांच्या दारात जाऊन वाईट सांगायचं, हेच काम मी जन्मभर केलं. पण त्यातलं एकही वाईट माझं नव्हतं. दुसऱ्यानं धाडलेलं मी पोचवत होतो. त्याच्या जोरावरच मला झोप लागायची. हे मात्र माझं होईल."

"बाग जाईल, मास्तर."

"जाईल."

तात्यासाहेब उठले. जाताना त्यांनी आपण लावलेल्या एका गुलाबाची सुकलेली फांदी मोडून टाकली, आणि मग ती कुठं टाकावी ते न कळून हातातच धरून गेले.

शेठ आले ते वैशाखात. मास्तर कोट घालून त्यांना भेटायला गेले. त्यांना बागेत घेऊन आले. शेठ तरुण होते, बोलायला नम्र होते. त्यांनी आजीच्या नावाची बाग म्हणून हौदाला हात लावून नमस्कारही केला. मग वर सड्यावर गेले. वैशाखातला सडा. काळा, तापलेला, उघडा, गवताची काडी नाही. पाय ठेवला तर चपलेतून चटका बसेल असा.

"इथं काय आहे, मास्तर?" शेठनी विचारलं.

"भाद्रपदात या."

"भाद्रपदात काय होतं?"

मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला. पण ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगता येत नाही. उघड्या दगडाकडं बोट दाखवून एक म्हातारा माणूस फुलांबद्दल बोलतो आहे, असंच ते दिसत होतं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. खालची बाग तशीच राहील, असा शब्द त्यांनी दिला, आणि तो पाळलाही. वरचा भाग दिवाळीनंतर गेला.

त्या भाद्रपदात मास्तरांनी मुलींना दर शनिवारी वरच नेलं. मुलींना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. त्या वर्षी दहा शब्दांचा खेळ झाला नाही. नुसतं बसायचं आणि बघायचं.

मग टिकाव आले. कामगार आले, बैलगाड्या आल्या. दिवसभर ठाक ठाक चालायचं आणि लाल धूळ उडून खालच्या झाडांच्या पानांवर बसायची. आम्ही शनिवारचे पाठ थांबवले नाहीत. मास्तरांचा आवाज आधीच बारीक, त्या आवाजात तो ऐकू जाईना, म्हणून मुली त्यांना चिकटून बसायला लागल्या. मुली तरी किती उरल्या होत्या. पण चंद्रभागा एकही शनिवार चुकली नाही.

एकदा रहाटावर पाणी ओढून झाल्यावर मास्तर दम खात उभे होते. वरून दगड फुटल्याचा आवाज आला. मला म्हणाले, "बाई, मी चुकलो का?"

चुकलात असं मला वाटत नव्हतं. पण वर फुटत होतं ते दिसत असताना नाही म्हणायलाही जीभ रेटेना. मी म्हटलं, "पलीकडच्या वाफ्याला पाणी राहिलंय." त्यांनी मान हलवली आणि पोहरा पुन्हा सोडला. हा प्रश्न त्यांनी परत कधी विचारला नाही.

दोन-चार वर्षांनी खालचा दगड मऊ लागला, पिवळी माती यायला लागली, आणि खाण बंद पडली. वर उरला एक मोठा चौकोनी खड्डा, कापलेल्या भिंतींचा. मास्तर आता थकले होते. गुडघे कामातून गेलेले, एका डोळ्यानं कमी दिसायचं. यमुनाकाकू मध्येच गेल्या होत्या. मास्तरांना वाटलं असतं तर आता घरी बसता आलं असतं. पण ते दाऊदभाईंना घेऊन त्या खड्ड्याशी गेले. खाणवाल्यांनी बाजूला टाकलेला गाळ टोपलीनं वाहून तळाच्या कपारींमधून पसरायला लागले. दोघांचं मिळून एक धड माणूस होत नव्हतं. टोपली अर्धी भरायची, चार पावलं जायचं, बसायचं.

मी म्हटलं, "मास्तर, यात काही उगवायचं नाही."

"आधी शेवाळ येईल," ते म्हणाले.

पहिल्या पावसाळ्यात तेही आलं नाही. दुसऱ्यात एका कोपऱ्यात, जिथं पाणी साचत होतं तिथं, हिरवट काहीतरी धरलं. मास्तरांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही, पण ते फार वेळ बघत राहिले. कुंपणाच्या कडेला खाणीतून सुटलेली सड्याची एक अरुंद पट्टी होती. तिच्यावर भाद्रपदात थोडी निळी फुलं आली होती. "तिथून इथं यायचंय त्यांना," मास्तर म्हणाले. "लांब आहे."

फुलं त्या खड्ड्यात उतरली की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी तिथं राहिले नाही. माझी बदली झाली, दाभोळच्या शाळेत. निरोप घ्यायला आदल्या दिवशी मास्तरांच्या घरी गेले तर ते बागेत गेलेले. बागेत जावं तर माझं सामान बांधायचं राहिलेलं. तसंच राहून गेलं. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं मला दाभोळला कळलं, तेही पुष्कळ दिवसांनी, कुणाच्या तरी बोलण्यात सहज. दाऊदभाईंनी खांदा दिला आणि लोकांनी तो देऊ दिला, एवढं सांगणारानं सांगितलं.

पण जाताना मला ते दिसले होते. चिपळूणला जाणारी सर्व्हिस मोटार बागेशी येईपर्यंत चढानं तापायची आणि ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला तिथं थांबायचा. तो शनिवार होता. मी खिडकीशी बसले होते. जास्वंदीवरून आतलं दिसत होतं. बकुळीखाली मुलं गोल करून बसली होती, आता मुलगेही होते. मध्ये चंद्रभागा उभी होती. सातवी पास होऊन ती शिकवायला लागली होती, अजून पक्की नोकरी नव्हती. पाचवारी पातळ नेसलेली, हातात एक फांदी धरून काहीतरी विचारत होती.

मास्तर त्या गोलातच बसले होते, दोन लहान पोरांच्या मधे, मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय लांब करून. टोपी काढून शेजारी ठेवली होती. चंद्रभागेनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण मास्तरांनी उत्तर द्यायला हात वर केला. तो धड वरही जात नव्हता, कोपराला दुसऱ्या हातानं आधार देऊन धरला होता.

चंद्रभागेनं पाहिलं. मोठ्यानं म्हणाली, "थांबा मास्तर. आधी लहानांना सांगू दे."

मास्तरांनी हात खाली घेतला आणि शेजारच्या पोराकडं बघू लागले. ड्रायव्हरनं झाकण लावलं. मोटार सुरू झाली.